यात्रेआधीचं मावंदं

प्रिय अक्का,

हा ‘प्रिय’ आज दातओठ खाऊन लिहिलाय, एवढं ध्यानात असू दे.

परवा जालन्यात, भर बाजारात, माझ्या मोज्यांची अब्रू गेली. चौपन्न वर्षं ती मी बुटाच्या आत झाकून ठेवली होती. लोकशाहीत माणसाला निदान मोज्यापुरता तरी खाजगी कारभार असावा, असं आपलं माझं भोळं मत. पण विमानाची तिकिटं काढून देणाऱ्या पारसशेठनं तुझी फाइल उघडली, चष्मा नाकावर चढवला आणि दुकानात तिकिटासाठी बसलेल्या चार गिऱ्हाइकांच्या साक्षीनं खड्या आवाजात वाचलं, “दत्ताचे मोजे. भोकं असतात. नवे दोन जोड घेणे. तिथं देवळात बूट काढावे लागतात.” चारही जणांनी आधी एकमेकांकडं पाहिलं, मग माझ्या पायांकडं. त्यातला एक माझ्या साप्ताहिकातल्या लेखांचा वाचक निघाला. “सर, तुम्ही तर सगळ्या जिल्ह्याची लक्तरं काढता,” म्हणाला. आणि पुन्हा माझ्या बुटांकडं वाकून पाहिलं.

अक्का, मेलेल्या माणसानं मागं काय ठेवावं? शेत, भांडी, फार तर दोन पाटल्या. तू माझ्या मोज्यांचा अहवाल ठेवून गेलीस!

मी तिथं गेलो होतो तुझं जपानचं तिकीट रद्द करायला. माणूसच राहिलं नाही, तिकीट ठेवून काय करायचं? पारसशेठ हा आपल्या शाळेतला, माझ्या मागच्या बाकावरचा. आजोबा मारवाडातून आले, नातू आता अख्ख्या जालन्याला विमानात बसवतो. तो म्हणाला, “भाऊ, कितने रद्द करू? एक का दोन?”

“दोन कुठले?”

“दुसरं तुमचं न्हाई का!”

मी खुर्चीत बसलो. माझा पासपोर्ट कपाटात कुलपात होता. कधीतरी दुबईच्या एका संमेलनाला मला बोलावणार होते, तेव्हा काढलेला. संमेलन झालं नाही, पासपोर्ट कोराच राहिला. तो तुझ्या भावजयीनं तुला गुपचूप काढून दिला. माझ्या घरात, माझ्या नाकाखाली, दोन बायकांनी आंतरराष्ट्रीय कट केला आणि मी मात्र दर आठवड्याला साप्ताहिकात सरकारच्या गाफीलपणावर लिहून राह्यलो होतो!

“मला विचारलं का न्हाई तिनं?” मी पारसशेठला विचारलं.

तो फाइलचा बंद सोडत म्हणाला, “मी बोललो होतो अक्काला. तर म्हनली, त्याला आत्ता सांगू नको. सांगितलं की तो लेख लिहील. विमानात बसल्यावर सांगू, तिथून उतरता येत न्हाई.”

म्हणून हे पत्र. उद्या अकरा वाजेपर्यंत पारसशेठला सांगायचंय, माझं तिकीट ठेवायचं की रद्द करायचं. तुझं तर नियतीनंच केलं. आणि सांगण्याआधी मला तुझ्याशी भांडून घ्यायचंय. जिवंतपणी तू मला बोलू दिलं नाहीस असं नाही. मीच सगळं छापून बोलत आलो, तोंडावर काही बोललो नाही.

हे क्योटोचं खूळ तुझ्या डोक्यात घुसलं ते त्या जपानी पाहुण्यामुळं. आपल्या गावी, केदारखेड्याला, तुझ्या वीस गुंठ्यांच्या शेडनेटमध्ये मिरचीचं बियाणं पाहायला आला होता तो, कंपनीच्या माणसांबरोबर. तू आणि शेजारच्या शेडनेटवाली सुमनबाई खाली मान घालून क्रॉसिंग करत होता. कळी चिमट्यानं उघडायची, आतले नर-तुरे एकेक काढून टाकायचे, दुसऱ्या दिवशी सकाळी बोटातल्या अंगठीवरच्या इवल्या वाटीतला पराग लावायचा, खूण म्हणून दोरा बांधायचा. दिवसाला शेकडो कळ्या. तो पाहुणा अर्धा तास एका जागी उभा राहिला आणि जाताना तुम्हा दोघींपुढं कमरेत वाकला. तू मला हे सांगितलंस तेव्हा मी विचारलं होतं, “त्याचं काही पडलं होतं का खाली?”

मंग तू त्याला जेवायला बसवलंस. मिरचीच्या बियाण्यातला जाणता माणूस, पण ठेच्याच्या पहिल्या घासाला त्याचे डोळे वाहायला लागले! पाणी पिऊन, नाक पुसून त्यानं दुभाष्याकडून सांगितलं की त्याच्या गावात, क्योटोला, एक देऊळ आहे, तिथं बागेत फुलं नाहीत, नुसतं शेवाळ आहे. आणि त्या शेवाळावर म्हाताऱ्या बाया उकिडव्या बसून वर्षभर एकेक गवताची काडी बोटानं उपटतात, पडलेलं पान हलक्या झाडूनं उचलतात. तुमची बोटं तशीच चालतात, म्हणाला. एकदा या.

झालं! तू धरून बसलीस.

“अगं, असं म्हणायची रीत असते,” मी किती वेळा सांगितलं. “बोलणारा बोलतो, ऐकणारा हसतो आणि दोघं आपापल्या घरी जातात.”

“आपल्यात या म्हनल्यावर जातेत,” तू म्हणालीस. “आन् मला पाव्हण्याकडं न्हाई जायचं. मला त्या बाया पाहायच्यात.”

शेवाळ! अक्का, आपण कुठं राहतो? उन्हाळ्यात टँकरचा हॉर्न ऐकून ज्या गावाला जाग येते, त्या गावात. आपल्याकडं कुठल्या हौदाच्या फरशीला चुकून शेवाळ धरलं तर तू विटेच्या तुकड्यानं खरवडून काढायचीस, पाय घसरतो म्हणून. आणि त्या शेवाळाच्या दर्शनाला तू समुद्र ओलांडून निघालीस. तेही देऊळ कसलं मानी! आधी कळवून परवानगी घ्यावी लागते. अमुक दिवशी, अमुक वाजता, अमुक नावाचीच माणसं. आपल्या राजूरच्या गणपतीनं कधी विचारलं का, येताय तर आधी पत्र टाका म्हणून? चतुर्थीला रांगेत शिव्या द्या, धक्के मारा, तो बापडा सगळ्यांना सारखाच भेटतो.

पारसशेठच्या फाइलमधली तुझी वही मी काल सगळी वाचली. वाचू नये असं वाटत होतं, तरी वाचली. तू प्रत्येक देवळापुढं पायऱ्या लिहिल्यात, कारण तुझा उजवा गुडघा. “सोन्याचं देऊळ: पायऱ्या कमी. लांबूनच पाहायचं. सोनं सराफ्यात बी दिसतं, वेळ राहिला तर.” “लाल कमानींचा डोंगर: पायऱ्या लई. दत्ता वर जाईल, मी खाली बसीन.” “दगडाची बाग: पंधरा दगड, कुठूनही पाहिलं तरी एक लपतो.” इथं मला हसू आलं. आपल्या बरड वावरात दीड हजार दगड आहेत, एकही लपत नाही. औताला बराबर सापडतो! आणि शेवटी, दोनदा अधोरेखित: “शेवाळाचं देऊळ: आत सोडायच्या आधी बसवून लिहायला लावतात, त्यांचं काही स्तोत्र. दत्ताला बरं, त्याला सवय आहे. पास दोघांचा.”

दोघांचा! माझं नाव त्यांच्या कागदावर, त्यांच्या लिपीत, आणि मला पत्ता नाही!

आता माझ्या लेखाचं बोलू. टाळून उपयोग नाही.

उन्हाळ्यात तू मला सांगितलंस, जपानला चालले. कुणाबरोबर ते सांगितलं नाहीस. मला वाटलं एखाद्या सहलीबरोबर. आणि मी तुझ्यावर लेख लिहिला. ‘अक्का उडाल्या’. आमच्या अक्कांना तेहतीस कोटी कमी पडले म्हणून त्या परदेशी देवांची भरती बघायला निघाल्या, नऊवारीत विमानाच्या शिडीवर चढताना कासोटा सावरतायत, हवाईसुंदरीला ठेचा देतायत, वगैरे. लेख तुफान चालला. जालन्याच्या स्टँडवर लोकांनी मोठ्यानं वाचला. फोनवर फोन आले मला. तुझाही आला. “चांगलं लिवलं. लोक लई हसले,” म्हणालीस. एवढंच. मी म्हणालो, “मग! लेख कुणाचा!”

त्या लेखात सगळं होतं, शेवाळावर बसलेल्या त्या बाया तेवढ्या नव्हत्या. विसरलो नव्हतो मी. तू कशासाठी निघालीस हे मला चांगलं ठाऊक होतं. पण ते लिहिलं असतं तर कुणी हसलं नसतं, म्हणून गाळलं. हे मी कुणालाही सांगितलेलं नाही. तुला माहीत होतं का गं? बहुतेक होतं.

मंग गाव सुटलंच. पारावरचे बापू, ज्यांनी आयुष्यात भोकरदनच्या पलीकडं पाय टाकला नाही, ते तू दिसलीस की विचारायचे, “अक्का, मावंदं कधी? का विमानातच पंगत बसवती?”

काशीयात्रा करून आलं की गावाला मावंदं घालायचं, ही आपली रीत. आधी यात्रा, मग मावंदं. जगात हा क्रम कुणी मोडल्याचं ऐकिवात नाही. आणि तू पारावर उभी राहून म्हणालीस, “येत्या सोमवारी. या सगळे.”

“आगं, पन जाऊन तर ये!” बापू म्हणाले.

“आल्यावर तुमचं तोंड बंद व्हणार असंल तर आत्ताच का नको?”

साठ पानं उठली म्हणे. पुरणपोळी, आमटी, भजी. ज्यांनी टिंगल केली ते पहिल्या पंगतीला होते, मिशा पुसत. तू हातानं वाढलंस. मला निरोप आला होता, मी आलो नाही. अंकाचं काम आहे, असं कळवलं. अंकाचं काम नव्हतं. त्या पंगतीत बसून तुझ्या हातची पोळी खायला लागणारं तोंड माझ्याकडं नव्हतं.

आणि एकोणीस दिवसांनी तू गेलीस! चुलीवर चहा ठेवून, कप काढून ठेवून. सुमनबाई आत आली तेव्हा चहा उतू जाऊन राह्यला होता आणि तू भिंतीला टेकून बसलेली. हे काय वागणं झालं? ज्या बाईनं क्योटोतल्या पायऱ्या मोजून ठेवल्या, भावाच्या मोज्यांची भोकं लिहून ठेवली, तिला एवढं साधं कळू नये की महिनाभर थांबायला हवं? रागच येतो मला. लोक म्हणतात, दुःख कर. कसलं दुःख! आधी भांडण संपू दे.

आता गावाची पंचाईत ऐक. मावंदं तर खाऊन बसले, यात्रा झालीच नाही! बापूंच्या पोटात तेव्हापासून गुडगुड. तेराव्याला मला कोपऱ्यात घेऊन म्हणाले, “दत्ता, हे बरं न्हाई झालं. न झालेल्या यात्रेचं अन्न खाल्लंय गावानं. ते अंगावर राहतं. तू जा आन् मोकळं कर आम्हाला.”

“बापू, मी खाल्लं न्हाई,” मी म्हणालो. “गावात एकटा मीच सुटलोय. तुम्ही साठ जणं जा. वर्गणी काढा, एसटी करा.”

“एसटी जपानला जाती व्हय?”

“मंग पोळ्या खाताना तेवढं तरी ध्यानात घ्यायचं!”

हे लोक, अक्का! हसताना सगळे एकत्र, जेवताना एकत्र, आणि निस्तरायची वेळ आली की बोट माझ्याकडं. मला इतका संताप आला की मी तेराव्याचं ताट अर्धं टाकून उठलो. आणि मोटारसायकलला किक मारताना ध्यानात आलं की बापूंवर मी उगाच तापलो. बापूंनी नुसती टिंगल केली. टिंगलीला मजकूर मी पुरवला होता.

आपल्या चुलतभावांचं वेगळंच. त्यांनी सुचवलं, जपान कशाला, रद्द करून जे हाती येईल त्यात मंदिराच्या सभामंडपात तुझ्या नावाची फरशी बसवू. फरशी! ज्या बाईनं आयुष्यभर फरशीवरचं शेवाळ खरवडलं, तिचं नाव लोकांच्या पायाखाली. मी म्हणालो, “बसवा, पण त्यावर लिहा: इथं पाय घसरतो.” तेव्हापासून ते माझ्याशी बोलत नाहीत. तेवढाच फायदा.

राहिली सुमनबाई. काल मी तुझी वही घेऊन गावी आलो, तेव्हा ती तुझ्या पडवीत शेंगा फोडत बसली होती. मी विचारलं, “तुम्हाला काय वाटतं? जावं का?”

“मला काय इचारता, भाऊ?” ती म्हणाली. “अक्का म्हनायची, सुमन, मी जाऊन त्यांची बोटं पाहून येते आन् तुला सांगते, त्या आपल्यावानी करतात का आपल्याहून चांगलं. म्या म्हनलं, आपल्याहून चांगलं करतच न्हाईत, पैज लाव.” मग शेंगेचं टरफल माझ्या दिशेनं उडवून म्हणाली, “आता पैज कोण सोडवणार? तुमी? तुमाला तर कळीतला नर बी वळखू येत न्हाई.”

ते मला लागलं. साप्ताहिकात मला शिव्यांची पत्रं येतात, त्यानं कधी झोप उडाली नाही. हे लागलं, कारण खरं आहे. वीस वर्षं तू हे काम केलंस, त्यावर मी ‘फुलांची लग्नं लावणाऱ्या मावश्या’ म्हणून दोन लेख लिहिले, आणि शेडनेटच्या आत कधी दहा मिनिटांच्या वर थांबलो नाही. गरम होतं म्हणून!

मी असाच जाऊन त्या बायांची बोटं पाहिली असती तरी मला काय दिसलं असतं? शेवाळ दिसलं असतं. घरी येऊन लेख लिहिला असता. लोक हसले असते.

तर ऐक, अक्का. मी जातोय. बापूंचं पोट साफ व्हावं म्हणून नाही, आणि तुझ्या आत्म्याला शांती मिळावी म्हणून तर बिलकुल नाही. तू कधी शांत होतीस? पासवर माझं नाव तू लिहिलंस, लेखानंतरही खोडलं नाहीस, म्हणून जातोय. पारसशेठनं तारखा दाखवल्या. माझ्या मोज्यांचा शेरा तू मे महिन्यात लिहिलास, लेख एप्रिलमधला. म्हणजे लोक तुला हसत असताना तू माझ्यासाठी मोजे लिहीत होतीस. यावर मला काही विनोद सुचत नाही. तीस वर्षांत पहिल्यांदा.

वचन देतो. लाल कमानींचा डोंगर मी चढणार नाही, खाली तुझ्या जागेवर बसेन. सोन्याचं देऊळ वेळ राहिला तरच. शेवाळाच्या देवळात ते बसवून लिहायला लावतील ते निमूट लिहीन, एकही शब्द पदरचा घालणार नाही. मग त्या बाया जिथं असतील तिथं उभा राहीन, दुभाषा मिळाला तर त्याच्यामार्फत विचारून, नाहीतर न विचारता, त्यांची बोटं पाहीन. परत आल्यावर आधी सुमनबाईला सांगेन. साप्ताहिकाला नंतर. आणि सुमनबाई म्हणाली लिहू नका, तर लिहिणार नाही. हे मी संपादकाला विचारून लिहीत नाहीये, त्यामुळं खरं समज.

एक राहिलं. तुझ्या वहीच्या पाठच्या पुठ्ठ्याच्या आत, पेन्सिलीनं, एवढंच होतं: “पासपोर्टला गेले त्या दिवशी माझ्या दोन्ही ओळी सुमननं केल्या. सावडीचा एक दिवस देणं.” एकमेकींच्या रानात कामाला दिवस द्यायचे आणि दिवसानंच फेडायचे, ही तुमची सावड. तिचा एक दिवस तुझ्याकडून फेडायचा राहिलेला. तिनं तो मला सांगितला नाही, सांगणारही नव्हती.

आज सकाळी सातला मी तिच्या शेडनेटच्या दाराशी जाऊन उभा राहिलो. कशाला आलो ते बोललो नाही. तिनं एकदा माझ्याकडं पाहिलं, परागाची वाटी असलेली अंगठी काढून दिली आणि म्हणाली, “बोटात घाला. वहिनीला सांगू नका, सुमननं अंगठी घातली म्हनून.” पहिल्या ओळीत मी सतरा कळ्या मोडल्या. तिनं मोजल्या, मी मोजल्या नाहीत. मग चिमटा हातात दिला. कळीतला नर मला तिसऱ्या तासाला ओळखू यायला लागला. जेवायच्या सुट्टीत ती म्हणाली, “अक्कानं पहिल्या दिशी वीस मोडल्या व्हत्या.” खोटं बोलली असणार. मी खाली मान घालून भाकरी खाल्ली.

दिवस मावळताना ती माझ्या ओळीवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेली. दोन ठिकाणी दोरा परत बांधला. मग माझ्यापुढं हात केला. मी अंगठी काढून दिली.

“झालं,” ती म्हणाली.

तुझा,
दत्ता